साहेब बघायला लागले की क्रेन जड होते

गोदामातली क्रेन मावशींनी बावीस वर्षं वर बसून चालवली. ती छताखालच्या रुळांवरून फिरायची आणि तिच्या पोटाला टांगलेल्या काचेच्या केबिनमध्ये मावशी बसायच्या. वर जायला त्रेसष्ट पायऱ्यांची लोखंडी शिडी होती. दहा टनांचं पत्र्याचं भेंडोळं त्या ट्रकमध्ये इतकं अलगद ठेवायच्या की ट्रकचे पाटे कुरकुरायचेसुद्धा नाहीत. त्यांना सगळेच मावशी म्हणायचे, अगदी त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा असलेला वॉचमनही.

पुढे पाट्यांऐवजी मावशींचे गुडघे कुरकुरायला लागले. नेमका त्याच सुमारास कंपनीने क्रेनला कम्प्युटर जोडला. आता खालच्या एका खोलीत फिरत्या खुर्चीवर बसायचं, पडद्यावर बघायचं आणि खुर्चीच्या हातावर बसवलेली जॉयस्टिकची दांडी हलवायची. शिडी सुटली म्हणून मावशी हरखून गेल्या. पण हा आनंद टिकला चारच दिवस.

"बाई, ही दांडी उशिरा ऐकते," त्यांनी इंजिनिअरबाईंना सांगितलं. हा सगळा कम्प्युटर याच बाईंनी बसवला होता.

"उशिरा कशी ऐकेल मावशी? ही रिअल टाइम सिस्टिम आहे. कम्प्युटर सेकंदाला पन्नास वेळा तुमच्या दांडीकडे बघतो."

"बघत असेल. पण मधूनच बघून न बघितल्यासारखं करतो."

बाईंनी लॅपटॉप उघडून आकडे दाखवले. सगळे हिरवे. "कुठेही उशीर नाही. नवीन आहे ना, सवय होईल."

मावशी पुन्हा दांडीकडे वळल्या. हिरव्या आकड्यांशी काय वाद घालणार?

आठवड्याभराने मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आले. क्रेनचं काम बघायला त्यांनी स्वतःच्या केबिनमध्ये भिंतभर टीव्ही लावून घेतला होता. गोदामात ट्रक उभा होता. ड्रायव्हर अंघोळीला गेला होता आणि जाताना त्याने अंगातली पँट ट्रकच्या आरशावर टांगली होती. मावशींनी क्रेनचा रिकामा लोखंडी आकडा डावीकडे आणला आणि थांबायच्या जागी दांडी सोडली. आकडा थांबला, पण हातभर पुढे जाऊन. मावशींनी घाईने तो वर घेऊन माघारी नेला, तेव्हा पँटही सोबत गेली.

टीव्हीवर साहेबांनी आणि सहा पाहुण्यांनी पाहिलं, की एक खाकी पँट दोन्ही पाय हलवत गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली आहे. पाठोपाठ टॉवेल गुंडाळलेला ड्रायव्हर पिवळ्या रेषेच्या बाहेरून धावतोय आणि ओरडतोय, "अहो, खिशात लायसन्स आहे!"

साहेबांनी मावशींना बोलावून घेतलं. "वय झालं असेल तर सांगा मावशी. दुसरं काम देऊ."

मावशी घरी आल्या त्या फणफणतच. त्यांचे यजमान न्हावी. सदतीस वर्षं लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवलेला माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पँटचा भाग आला तेव्हा हसू दाबलं, ते नीट दाबलं गेलं नाही, म्हणून उठून पाणी पिऊन आले.

"हसा तुम्ही. माझा हात चुकत नाहीये हो. दांडी कधी हलकी असते, कधी जड."

"हाताला कळतंय ना? मग केव्हा जड आणि केव्हा हलकी, ते लिहून ठेव. तोंडी सांगितलं तर कुरकूर वाटते. लिहिलेलं असलं की लोक चष्मा लावून वाचतात."

मावशींनी आठवडाभर वहीत घड्याळ बघून लिहिलं. 'दहा वाजता हलकी. अकरा वाजता जड. साडेबारा, हलकी. चार, जड. बुधवारी दिवसभर हलकी, अगदी फुलासारखी.'

इंजिनिअरबाईंनी खरोखरच चष्मा लावून वही वाचली. "बुधवारी काय होतं?"

उत्तर दिलं ते चहा घेऊन आलेल्या शिपायाने. "बुधवारी साहेब रजेवर होते. बाकी अकराला आणि चारला माझा चहा केबिनमध्ये जातो. चहा पिताना साहेब टीव्ही लावतात."

बाई एकदम उभ्या राहिल्या. साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांनी मावशींना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मावशींनी रिकामा आकडा इकडून तिकडे हलवत राहायचं आणि हाताला काय वाटतं ते सांगायचं. बाई मधूनच टीव्ही लावणार, मधूनच बंद करणार, मावशींना काहीही न सांगता.

"हलकी," मावशी म्हणाल्या. "हलकी. आता जड. जडच आहे. आता सुटली बघा."

नऊपैकी नऊ वेळा बरोबर! साहेब हातात कप धरून हे सगळं ऐकत उभे होते.

"म्हणजे मी बघतो म्हणून काम बिघडतं?" त्यांनी विचारलं.

फोन चालूच होता. पलीकडून मावशी म्हणाल्या, "हे आम्हाला आधीपासून माहीत होतं साहेब. फक्त कम्प्युटरने आत्ता सिद्ध केलं."

दोष बाईंचाच निघाला, आणि त्यांनी तो लपवला नाही. क्रेन चालवणारा आणि साहेबांना चित्र पाठवणारा कम्प्युटर एकच होता. साहेबांचं चित्र म्हणून बाईंनी ते काम रांगेत पहिलं लावलं होतं, दांडीकडे बघणं दुसरं. हिरवे आकडेही खोटे नव्हते. दांडी बघितल्यापासून क्रेन हलेपर्यंतचा वेळ ते दाखवायचे. बघायलाच उशीर झाला तर तो कोण मोजणार?

बाईंनी त्याच दिवशी क्रम बदलला. दांडी पहिली, चित्र शेवटचं. आता साहेबांच्या टीव्हीवर सगळं तीन सेकंद उशिरा दिसतं. हे साहेबांना कुणी सांगितलेलं नाही. ते अधूनमधून काळजीने फोन करतात, "मावशी, सावकाश हं, जरा उजवीकडे घ्या."

तोवर भेंडोळं ट्रकमध्ये ठेवून झालेलं असतं. मावशी दांडीवरचा हात उचलून चहाच्या कपाकडे नेतात आणि म्हणतात, "घेतलं साहेब."

तीन सेकंदांनी साहेब खूश होतात.