छतावर बांधलेला नवरा

तलासरीच्या बाजारात कुजबुज अशी, की काळीने नवऱ्याला भर दुपारी छतावर बांधून ठेवलं. सोलरचं अनुदान तिच्या नावावर येणार आणि नविन ते ताडीत बुडवणार, म्हणून! शेजारच्या सोनीबाईने म्हणे डोळ्यांनी पाहिलं. सोनीबाईच्या डोळ्यांना भिंती कधी आड आल्यात?

काळी तशी बांधून ठेवणारी बाई खरीच. शेळ्या बांधील, कोंबडं बांधील, स्वतःची जीभ तेवढी मोकळी. सरकारी घरकुलाचा स्लॅब म्हणजे तर तिचा जीव. फिटर पॅनेलची चौकट बसवायला ड्रिल घेऊन आला, तर ही शिडीपुढे आडवी.

"भोक पाडशील, मग पावसात घमेलं धरायला तू येशील?"

"मावशी, बोल्ट नसले तर वाऱ्याला काय सांगू?"

"सांग, काळीचं घर आहे!"

फिटरने हात जोडले आणि चौकट पॅनेलसकट नुसती सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभी करून गेला. साहेब तपासून गेल्याशिवाय अनुदान नाही, हे काळीला पाठ होतं. तपासणी उद्यावर आली होती.

आणि आज वारं सुटलं. असं, की ठोकळेच सरकायला लागले. नविन धावत वर गेला, चौकटीला मिठी मारून बसला. ताडावर वानरासारखा चढणारा गडी, पण इथे पायाखालचा सपाट स्लॅबही त्याला धरवेना.

"दोर आण!"

काळी त्याचा ताडावर चढायचा दोर घेऊन वर आली. खांबाच्या सळया स्लॅबबाहेर आल्या होत्या, तिथे एक टोक आवळलं.

"चौकटीला बांध!" नविन ओरडला.

"आधी तू सोड!"

"सोडली की गेली! उद्या साहेबाला काय तुझं तोंड दाखवू?"

चौकट कडेला घसरली, मागोमाग नविन. काळीच्या हातात दुसरं टोक. तिने दोघांकडे एकदा बघितलं. मग शिव्यांची लाखोली वाहत दोर त्याच्या कमरेला गुंडाळला, गाठ मारली, वर आणखी एक. तेवढ्यात झोत आला. चौकट गेली. नविनचे पाय कडेबाहेर लोंबले, दोर ताणला गेला आणि तो अडकून थांबला. खाली काचांचा चुरा झाला.

काळीने त्याला वर ओढलं, थोबाडीत दिली आणि तिथेच बसकण मारली.

साहेब अंगणातल्या काचा बघून परत गेला. अनुदान तेव्हापुरतं हुकलं. पुढे नवी चौकट आली, फिटरने भीत भीत ड्रिल काढलं, तेव्हा शिडी काळीनेच धरली होती.

दोर एकच होता. तिने तो पॅनेलला न बांधता नविनला बांधला.