भावोजींचा कान

भावोजी रेकॉर्ड लावणार म्हटलं की भर मे महिन्यातही आमचा पंखा बंद व्हायचा. पाठोपाठ फ्रिज. दूध नासलं तरी चालेल, पण त्या घरघरीत सूर मरता कामा नये.

भावोजी म्हणजे माझे थोरले दीर. त्यांना जाऊन आता दीड वर्ष झालं. लग्न केलं नाही, रेडिओ दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं आणि म्हातारपणी कपाटाएवढे दोन स्पीकर घेऊन ते गोडदेवला आमच्या वन-बीएचकेत राहायला आले. हॉलच्या मधोमध एक खुर्ची. झाडताना मी ती सरकवली की ते टेप घेऊन, मोजून परत जागेवर ठेवायचे. येईल त्याला तिच्यात बसवायचे आणि विचारायचे, "फरक कळतोय?"

माझा नवरा स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात, पंचवीस वर्षं मशीनच्या आवाजात. तो टेकायच्या आधीच "एक नंबर, दादा" म्हणून सुटायचा. मला ते जमत नसे.

"सुनंदा, तबल्याच्या शाईवर बोट पडलं. ऐकलंस?"

"नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या ऐकल्या."

"तुमच्या कानांना शिस्तच नाही." हे त्यांचं ठरलेलं. सात वर्षं ऐकून मी विटले होते.

एकदा माझी मुलगी त्या खुर्चीत बसली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "काका, ती बारीक शिट्टी बंद करा ना. डाव्या स्पीकरमधून येतेय."

भावोजींनी स्पीकरला कान लावला. काही नाही. मलाही काही ऐकू आलं नाही, पण माझे कान हिशेबात नव्हतेच. "मोबाइलने तुझे कान बिघडलेत," म्हणून त्यांनी रेकॉर्ड काढून ठेवली. दोन दिवस घरात गाणं नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांना कान तपासायला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, वयाने वरचे, बारीक आवाज ऐकू येईनासे झालेत. मशीनवर काम करणाऱ्यांचं हेच लवकर होतं.

रिक्षात त्यांनी विचारलं, "मग तबल्याचं ते बोट मी कसं ऐकतोय?"

"रेकॉर्ड पाठ आहे तुम्हाला. ऐकू येत नाही ते मनाने भरताय," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मुलीला शेजारी बसवून, "आता आहे? आता?" करत त्यांनी स्पीकर उघडून ती शिट्टी घालवली. त्यानंतर त्यांचा प्रश्न बदलला. "तुला काय ऐकू येतंय?" हा तर जास्तच ताप. आता उत्तर द्यावं लागायचं.

एका दुपारी रेकॉर्ड चालू होती आणि मी मेथी निवडत हॉलमध्ये बसले होते. एकदाची सुटका व्हावी म्हणून ऐकू आलं ते सांगून टाकलं, "ती गाणारी बाई दुसरी ओळ घ्यायच्या आधी श्वास घेते."

चाळीस वर्षं ऐकलेली रेकॉर्ड. त्यांनी सुई मागे ठेवली. डोळे मिटून ऐकलं. पुन्हा ठेवली. तिसऱ्यांदाही काही नाही.

"आहे म्हणतेस?"

"आहे."

"मग असणार."

चौथ्यांदा लावल्यावर त्यांनी डोळे मिटलेच नाहीत. ती जागा आली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.