नानांचं ब्लडप्रेशर आणि वसंतकाकांचा फणस

हसणार असाल तर चहा आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा माझ्या मावसबहिणीच्या नाकातून चहा आला होता. माझ्या बावळटपणाने आधीच पुष्कळांना त्रास झालाय, त्यात आणखी भर नको!

तर मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. शेवटच्या वर्षी प्रत्येकाने एक संशोधन प्रकल्प करायचा असतो. बाकीच्या मुलींनी खेकडे घेतले, शिंपले घेतले, एकीने तर घरबसल्या मुंग्या घेतल्या. मी काय घेतलं? माणसाचं हृदय! मॅडमना म्हटलं, "मला लोकांचे जीव वाचवायचेत." मॅडम चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आधी रक्तदाब मोज. जीव नंतर बघू."

विषय ठरला: चाळिशीपुढच्या माणसांचा आहार आणि रक्तदाब. माणसं कुठली? आमच्या वाडीतलीच की! रत्नागिरीजवळ, मिरजोळ्याच्या पुढे, सड्याच्या म्हणजे कातळमाळाच्या उतारावर आमची वाडी. घरोघरी चाळिशीपुढची माणसं, आणि घरोघरी लोणचं, पापड, सुकट. हृदयाच्या संशोधनाला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

मॅडमनी कॉलेजचं मशीन दिलं. ते दंडाला पट्टा बांधून बटण दाबायचं असतं ना, ते. आणि एकच गोष्ट बजावली. "लोकांना आधी विषय नीट समजावून सांग. परवानगी घे. मगच पट्टा लाव."

नीट समजावून सांग! अहो, हे मला सांगायला हवं होतं का? शाळेपासून वक्तृत्वाच्या ढाली आणणारी मुलगी मी. झेरॉक्सच्या दुकानातून कॅलेंडरएवढं रंगीत चित्र छापून आणलं. चरबीने तुंबलेली रक्तवाहिनी, लालभडक! प्रयोगशाळेतला पांढरा कोट चढवला आणि निघाले जीव वाचवायला.

पहिलं घर विमलकाकूंचं. काकू लोणची-पापड करून विकतात. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बस गो बाय. कोट कशाला घातलास? उकडत नाय?"

"काकू, आधी ऐका." मी चित्र उलगडलं. "ही तुमची रक्तवाहिनी."

"माझी? तुला कुठं मिळाली?"

"तुमची म्हणजे तुमच्यासारखीच कुणाची तरी. हे पिवळं दिसतंय ना, ती चरबी. अशी आतल्या आत साठत जाते, माणसाला पत्ता नसतो. आणि मग एक दिवस, पापड लाटता लाटता…" इथे मी जोरात टाळी वाजवायचे. "…खेळ खलास!"

काकूंच्या हातातलं लाटणं घरंगळत पुढच्या अंगणात, खळ्यात गेलं. मी म्हटलं, "घाबरू नका हं," आणि लगेच पट्टा आवळला.

आकडा बघते तर हा एवढा! मशीनसुद्धा दचकलं असेल.

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तेच. चित्र, टाळी, पट्टा, आणि आकडा वरच्या वर! माझ्या मनात एकदा तरी शंका यावी की नाही? छे! मला वाटलं, आपल्याला मोठाच शोध लागलाय. अख्खी वाडी आतून पोखरलेली आहे आणि ते फक्त मला कळलंय!

मग आले नाना. नाना म्हणजे आमच्या शेजारचे. जन्म बोटीवर काढलेला माणूस. वादळात बोट आडवी व्हायला आली तरी आपण चहा पीत बसलो होतो, असं ते स्वतःच सांगतात. त्यांना मी चित्र दाखवलं, टाळी जरा जोरातच वाजवली, आणि पट्टा लावला. आकडा बघून माझा चेहरा पडला. तो नानांनी बघितला.

त्यांनी स्वतःच पट्टा सोडून माझ्या हातात दिला. मग हळूच विचारलं, "किती दिवस हायत आता?"

मला वाटलं, प्रकल्पाचं विचारतायत.

"मार्चअखेर, नाना. फार तर फार."

"त्याच्यापुढं नाय?"

"छे! मॅडमनी स्पष्ट सांगितलंय, मार्चच्या पुढे एक दिवस मिळणार नाही."

"या मॅडम मोठ्या हायत काय?"

"मोठ्या म्हणजे? सगळं त्यांच्याच हातात असतं!"

नानांनी मोठा श्वास घेतला. "बरं. कोणाला बोलू नको."

"अजिबात नाही, नाना. तुम्ही निश्चिंत राहा. तुमचं नावसुद्धा कुठे उरणार नाही. फक्त एक नंबर."

आता तुम्हीच सांगा, यात माझं एक तरी वाक्य खोटं होतं का?

दुसऱ्या दिवसापासून मी वाडीत मीठबंदी जाहीर केली. विमलकाकूंनी लोणच्याच्या बरण्या फडक्यात बांधून माळ्यावर टाकल्या. आमच्या घरी आईने अळणी आमटी वाढली तेव्हा बाबा ताटाकडे बघून म्हणाले, "हिचा प्रकल्प होईपर्यंत मी लांज्याला बहिणीकडे जाऊन राहू का?"

आणि तिकडे नानांनी आवराआवर सुरू केली. त्यांच्या आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे वसंतकाकांच्या, घरांच्या मधे चिऱ्यांचा गडगा, म्हणजे बुटकी भिंत आहे. त्या गडग्यात एक फणस आहे. कापा फणस, मधासारखा गोड. तो फणस कोणाचा, यावरून दोघे भाऊ मला आठवतंय तेव्हापासून बोलत नव्हते. मी पडवीत बसून आकडेमोड करत होते, तर नाना गडग्याशी आले आणि हाक मारली, "वसंता!"

वसंतकाका बाहेर आले ते हातात कोयता घेऊनच. त्यांना वाटलं, भांडण काढलं.

नाना म्हणाले, "वसंता, फणस तुझा. बुंधा, फांद्या, फळं, सगळं तुझं. माझ्या मनात आता काय नाय."

वसंतकाकांच्या हातातला कोयता गळून पडला. "दादा, असं काय बोलतोस रे?"

दोघे गडग्यावरून गळ्यात गळे घालून रडले हो! आणि मी मूर्ख, ते बघून मला भरून आलं. मनात म्हटलं, मीठ कमी केलं की स्वभाव कसा निवळतो बघा! तसं मी प्रकल्पात लिहूनही टाकलं.

त्या आठवड्यात नानांचा मुलगा, महेशदादा, नानांनी फोन करून बोलावलं म्हणून मुंबईहून आला. सकाळी गाडीतून उतरला तो घरी न जाता बॅग घेऊन थेट आमच्या खळ्यात. डोळे सुजलेले.

"काय गो, बाबांना मार्चअखेर म्हणालीस?"

"हो. का?"

"नक्की?"

"मी काय म्हणतेय दादा, मॅडम ऐकतच नाहीत. मी एप्रिल मागितला होता."

दादाने बॅग पायरीवर ठेवली. "एप्रिल कशाला मागितलास?"

"एवढ्यात चाचण्या कशा उरकणार? शिवाय बाइंडिंगला वेळ लागतो."

"कसलं बाइंडिंग?"

मग हळूहळू, एकेक वाक्य मागे जात, आम्हा दोघांना उलगडत गेलं. दादा आधी हसला, मग चिडला, मग म्हणाला, "ते मार्चचं राहू दे. पण प्रेशर वाढलंय हे तर खरं ना?"

ते खरंच होतं! माझ्याकडे आकडे होते! मग काय, वसंतकाकांनी आंब्याच्या पेट्या वाहायचा टेम्पो काढला. नाना पुढे, बाकी वाडी मागे, आणि मधोमध मी, कोट घालून आणि चित्र सांभाळत. निघालो रत्नागिरीला डॉक्टरकडे.

डॉक्टरांनी सगळ्यांना बाकावर गप्प बसवलं. पंखा लावला. एकेकाला तपासलं. नाना? व्यवस्थित! विमलकाकू? व्यवस्थित! अख्खा टेम्पो व्यवस्थित!

"यांना प्रेशर आहे असं कोण म्हणालं?" डॉक्टरांनी विचारलं.

सगळी बोटं माझ्याकडे.

"तू कसं मोजतेस ते दाखव बघू. माझंच मोज."

मला तर तेच हवं होतं! मी चित्र उलगडलं. आवाज लावला. डॉक्टर म्हणून त्यांच्यासाठी खास बदल केला: "…आणि मग एक दिवस, पेशंट तपासता तपासता…" आणि टाळी!

डॉक्टर खुर्चीत केवढ्याने दचकले! मी पट्टा आवळला. आकडा वर.

डॉक्टरांनी आकड्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग रुमालाने कपाळ पुसलं आणि म्हणाले, "बाळ, यांना काही झालेलं नाही. यांना तू झालीयेस."

टेम्पोतली सगळी मंडळी अशी हसली की कंपाउंडर आत धावत आला. विमलकाकू तर डोळे पुसत म्हणाल्या, "मेले, माझ्या बरण्या कोण उतरवून देणार आता?"

फक्त नाना हसत नव्हते. ते काहीतरी आठवत होते. मग एकदम उठले.

"वसंता! फणस!"

"दिलास तो दिलास, दादा."

"अरे, मी जातोय म्हणून दिला!"

"मग जा की! मी कुठं अडवलाय?"

डॉक्टर घाईघाईने म्हणाले, "आता या दोघांचं मोजू नका."

मला सगळी मोजमापं पहिल्यापासून करावी लागली. या वेळी चित्र नाही, कोट नाही. विमलकाकूंनी तर अटच घातली की, पट्टा लावण्याआधी मी तोंडात आवळासुपारी धरायची. फणस वसंतकाकांकडेच राहिला. पण दोघे भाऊ आता बोलतात, म्हणजे रोज भांडतात. आधीच्यापेक्षा ते बरं, असं महेशदादाचं मत आहे.

मार्चअखेर तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, सज्जन होते. त्यांनी माझा अहवाल चाळला, मान डोलावली आणि शेवटचा प्रश्न विचारला.

"तुमच्या या संशोधनाचा समाजाला नेमका काय फायदा झाला?"

मी मॅडमकडे बघितलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती.

म्हटलं, "सर, एका माणसाला फणस मिळाला. बाकीच्यांना मी गप्प बसले तेव्हा आराम पडला."