कडू सिस्टरांचं ‘नाही’

कळा सुरू झालेल्या बाईला सगळे सांगतात, आता थोडंच राहिलं, होशील मोकळी. आमच्या सिस्टर असं कधी सांगत नसत. पहिलटकरीण त्यांचा हात धरून विचारायची, "सिस्टर, लई दुखंल का?" त्या तिच्या कपाळावरचे केस मागे सारत आणि म्हणत, "दुखंल. लई दुखंल. पर मी हितंच हाय." आणि खरोखरच तिथे उभ्या राहत, पाय सुजेपर्यंत. संगमनेरच्या आमच्या प्रसूतिगृहात पेशंटच्या सासवा त्यांना कडू सिस्टर म्हणायच्या. आमच्या भागात कडू हे आडनाव असतं, त्यामुळे नव्या माणसाला ते आडनावच वाटे. ते आडनाव नव्हतं, राग होता.

मी नर्सिंग संपवून तिथे लागले तेव्हा त्यांचे केस पिकायला लागले होते. गाव राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. नवऱ्याने फार पूर्वीच टाकलेलं, मूलबाळ नाही. दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहायच्या. सुई कशी धरायची इथपासून रडणाऱ्या नातेवाइकाला बाहेर कसं न्यायचं इथपर्यंत सगळं मी त्यांच्याकडून शिकले. फक्त त्यांचं बोलणं मला जमलं नाही.

एकदा डॉक्टर लग्नाला गेले होते आणि इकडे एका पेशंटला घाई झाली. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, "डॉक्टर पाच मिनिटांत पोचतायत म्हणून सांगा." सिस्टर बाहेर गेल्या आणि पेशंटच्या भावाला म्हणाल्या, "डॉक्टर लग्नात हायेत. निघाले का न्हाई ते मला म्हाईत न्हाई. तवर मी हाय." डॉक्टरांनी नंतर त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "सिस्टर, जरा सांभाळून बोलायला काय जातं तुमचं?" त्या म्हणाल्या, "सांभाळून बोललं की काय बोललो ते ध्यानात ठेवावं लागतं. माझ्याच्यानं न्हाई व्हत." बाळंतपणं त्यांच्याइतकी दुसऱ्या कुणाला येत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी ते गिळलं.

मग ती दुपार आली. भेटायची वेळ होती, वॉर्डात गर्दी. मी डॉक्टरांबरोबर ऑपरेशनमध्ये होते. बाहेर आले तेव्हा दोन दिवसांच्या मुलाची आई कॉटवर बसून नुसती "माझं बाळ कुठंय" एवढंच म्हणत होती. ती बाथरूमला गेली आणि परत आली तर पाळणा रिकामा होता. तिच्या सासूला वाटलं होतं, सिस्टरनी तपासायला नेलं असेल.

पोलीस आले. कॅमेरा होता, पण तो बरेच दिवस बंद पडलेला. कुणी काही पाहिलेलं नव्हतं. तेव्हा कडू सिस्टर आपण होऊन पुढे झाल्या. हिरव्या साडीतली एक बाई बाळ घेऊन दाराशी आली होती. म्हणाली, मी आत्या, याला काविळीचं दाखवून आणते. "माझ्या हातात ट्रे व्हता. मी कोपरानं दार ढकलून धरलं. ती गेली." एवढं त्यांनी सांगितलं. सांगितलं नसतं तर कुणाला कधी कळलंही नसतं.

त्या क्षणापासून त्या साक्षीदार राहिल्या नाहीत. ड्युटीवर इतरही होत्या. त्यातली एक डॉक्टरांची भाची, दुसरीचा नवरा नगरपालिकेत. बोट मात्र डोंगरातून आलेल्या, मागेपुढे कुणी नसलेल्या बाईकडे वळलं. हिला मूल नाही, हिनेच विकलं असेल, असं उघड बोललं जाऊ लागलं. त्यांनी बाळंतपण केलेल्या बायकासुद्धा बोलत होत्या.

डॉक्टरांनी खोटं पकडायच्या मशीनची गोष्ट काढली. "तुम्ही खरं बोलताय हे मला माहीत आहे. एकदा टेस्ट द्या, म्हणजे तुमचंही नाव सुटेल, दवाखान्याचंही." पोलिसांनाही ते हवंच होतं. ओळखीच्या वकिलांनी मला बजावलं, "नाही म्हणायचा तिला हक्क आहे. कुणी सक्ती करू शकत नाही." मी तसं सांगितलं तर सिस्टर म्हणाल्या, "माझ्याकडं लपवायला काय हाय?"

संमती न्यायाधीशांसमोर द्यावी लागते. त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?" दुसरी कुणीही सरळ नाही म्हणाली असती. सिस्टर म्हणाल्या, "दबाव साऱ्या गावाचा हाय, साहेब. पर टेस मला द्यायचीच हाय." न्यायाधीशांनी परत समजावलं, परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं.

नाशिकला मी त्यांच्यासोबत गेले. आत मला सोडलं नाही. परतीच्या एसटीत त्यांनी सगळं सांगितलं. छातीला पट्टे, बोटांना तारा, दंडाला आपण बीपीला बांधतो तसला पट्टा. प्रश्न आधीच वाचून दाखवले होते. पुन्हापुन्हा तेच विचारत होते आणि उत्तर फक्त हो किंवा नाही. "त्यांनी इचारलं, बाळ गेलं त्यात तुमचा हात हाय का? मी न्हाई म्हनले." मग म्हणाल्या, "पर म्हनताना माझं कोपरच डोळ्यापुढं आलं."

अहवालात आलं की त्या प्रश्नाला उत्तर देताना बाई काहीतरी लपवत होत्या. असला अहवाल एकटा कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. बसस्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर मात्र चालतो. तो कुठून फुटला कोण जाणे, पण दोन दिवसांत गावभर झाला. दवाखान्यासमोर माणसं जमली. एकाने त्यांच्या खोलीच्या दारावर शेण फेकलं. डॉक्टर म्हणाले, "थोडे दिवस गावी जाऊन या." त्या गेल्या.

मी त्यांना म्हणाले होते, ते मशीन खोटं आहे. त्या म्हणाल्या, "मशीनचं काय चुकलं? माझा हात हाय असं मला वाटतच व्हतं. त्यानं तेच सांगितलं."

तीन-चार आठवड्यांनी बाळ दुसऱ्या जिल्ह्यात सापडलं, सुखरूप. नेणाऱ्या बाईला मूल होत नव्हतं. तिने पोलिसांना सांगितलं की दवाखान्यात ती कुणालाच ओळखत नव्हती. एका सिस्टरनं दार धरलं म्हणून सटकता आलं, एवढंच. दवाखान्यात पेढे वाटले. बाळाला हातात घेतलेला डॉक्टरांचा फोटो पेपरात आला. मी त्यांना विचारलं, सिस्टरना कधी बोलवायचं? ते म्हणाले, "लोकांच्या मनातून जाऊ दे जरा." लोकांच्या मनातून बाळ चोरीला गेल्याचं गेलं, कॅमेरा बंद होता हेही गेलं. मशीनने काय सांगितलं तेवढं राहिलं. पुढच्या महिन्यात सिस्टरांच्या मागच्या खोलीत जनरेटर ठेवला.

मी नोकरी सोडली ती माझ्या बाळंतपणासाठी. मुलगी चार महिन्यांची झाल्यावर तिला घेऊन राजूरला गेले आणि तिथून जीपने वर. सिस्टर भावाच्या घरी राहत होत्या. गावातल्या बायका अडल्या की बोलवायला येत, पण त्या जात नव्हत्या, असं त्यांच्या वहिनींनी चुलीपाशी हळूच सांगितलं.

मला बघून त्यांना आनंद झाला. अंगावर पाजतेस ना, वजन किती भरलं, डोस सगळे दिले का, एकेक विचारून घेतलं. मी म्हणाले, "सिस्टर, तुमचा काही दोष नव्हता, हे आता सगळ्यांना कळलंय."

"कळलं ना?" त्या म्हणाल्या. "मग हितवर सांगाया कोन आलं?"

मी मुलीला त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी हात पदराला पुसले, पुढे केले आणि मागे घेतले. "नको. आता मी कुनाचं घेत न्हाई."

निघताना त्या रस्त्यापर्यंत आल्या. जीपची पायरी उंच होती. कडेवर मुलगी, खांद्याला पिशवी, मला चढता येईना. मी वळून मुलीला त्यांच्या हातात द्यायला पुढे केलं. त्यांनी माझ्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि मी मुलीसकट वर चढेपर्यंत ती घट्ट धरून उभ्या राहिल्या.