भाभी बसल्याशिवाय पास नाही

औरंगपुऱ्यात माझं बाइंडिंगचं दुकान होतं आणि समोर निजामुद्दीन मिस्त्रींचं गॅरेज. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक लिंबाचं झाड आणि मिस्त्रींचा आवाज. माणूस दिलदार, पण तोंडाला विश्रांती म्हणून नाही. काम फक्त ब्रेकचं घ्यायचे. "इंजिन बंद पडलं तर माणूस घरी उशिरा जातो, ब्रेक गेला तर जातच नाय," असं म्हणायचे आणि काम करता करता अख्ख्या गल्लीला शहाणपण शिकवायचे. पुस्तक कसं शिवावं हेसुद्धा त्यांनी मला शिकवलंय, आयुष्यात एकही पुस्तक न उघडता.

तरुणपणी ते एका जहागीरदाराच्या गाड्या सांभाळत. पोलीस ॲक्शननंतर जहागीरदार हैदराबादला निघून गेले आणि मिस्त्रींनी हे गॅरेज टाकलं. सुरुवातीलाच एका ट्रकवाल्यानं विचारलं, "ब्रेक नक्की लागंल ना? सोताच्या बायकूला बसवाल का ह्यात?" मिस्त्रींचं डोकं फिरलं. तसेच घरी गेले, जोहराभाभींना घेऊन आले, ट्रकमध्ये शेजारी बसवलं आणि दौलताबादच्या पुढचा घाट उतरवून दाखवला. तेव्हापासून तो रिवाजच पडला. ब्रेकचं काम झालं की मिस्त्री गाडी चालवणार, भाभी शेजारी बसणार, घाट उतरून आल्यावर मिस्त्री बॉनेटवर थाप मारून "पास!" म्हणणार, आणि मगच गाडी मालकाच्या हाती.

उसाचे ट्रक, शाळेच्या बस, सरकारी जीपा, भाभी सगळ्यांत बसल्या. बुरखा सावरत चढायच्या आणि भाजलेल्या शेंगा खात घाट उतरायच्या. मी एकदा विचारलं, "भाभी, भीती नाही वाटत?" तर म्हणाल्या, "भीती वाटली तर शेंगा कोण खाईल?"

जायकवाडीचं धरण बांधत होते त्या दिवसांत गंगापूरचे तात्यासाहेब त्यांची लाल गाडी घेऊन आले. दोनच माणसांची, उघडी, बुटकी, विलायती शर्यतीची गाडी. जहागीरदारांनी जाताना ती तात्यासाहेबांना विकली होती. तात्यासाहेब मोठे बागाईतदार. एका हातानं फेटा धरून दुसऱ्या हातानं ती चालवायचे तेव्हा बघणाऱ्याची करमणूक व्हायची. मिस्त्री मात्र त्या गाडीपुढे हळवे व्हायचे. ह्याच गाडीवर ते काम शिकले होते.

"मिस्त्री, ब्रेक लई कच्चा झालाय," तात्यासाहेब म्हणाले. "दोनदा हाणावं तवा कुठं गाडी हुबी ऱ्हाती. काल बैलगाडीत घुसता घुसता वाचलो."

मिस्त्रींनी पेडल दाबलं, ते थेट तळाला गेलं. पुन्हा दाबलं, अर्ध्यावर थांबलं आणि तसंच हळूहळू खाली बसत गेलं. "वरच्या पंपातलं रबर गेलं," ते म्हणाले. मग चाकं काढली. मागच्या डाव्या चाकाचा ड्रम आतून तेलानं माखलेला, ड्रमला घासून चाक थांबवणारे लायनर चिंब. तात्यासाहेब म्हणाले, "पेट्रोलनं पुसून टाका की." मिस्त्री उसळले. "लायनरनं तेल पिलंय साहेब. पुसून काय होतंय? दारुड्याचं तोंड धुतलं म्हणून तो शुद्धीवर येतो का?"

नवीन लायनर बसले, रबरं बदलली, तेल जिथून गळत होतं तिथलं सीलही नवं घातलं. शेवटी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची. त्याला एक माणूस पेडलवर लागतो, आणि हे कामही भाभींचंच. जेवणाचा डबा घेऊन आल्या की त्या सीटवर बसायच्या. खालून मिस्त्री ओरडायचे, "दाबो!" मग "छोडो!" ते झालं आणि दोघं घाटात गेले.

परत आले ते बैलाच्या चालीनं. मिस्त्रींनी बॉनेटवर थाप मारली नाही. "कच्चाच आहे," एवढंच म्हणाले.

पुन्हा चाकं निघाली. पुन्हा सगळं उघडून पाहिलं, पुन्हा हवा काढली, पुन्हा घाट. तरी कच्चाच. दरम्यान तात्यासाहेबांनी गाडी हळूच मैदानात नेऊन एक चक्कर मारली. ब्रेक असा लागला की फेटा उडून पुढच्या काचेवर आदळला. हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण परत आल्यावर मिस्त्रींनी विचारलं, "कसाय?" आणि तात्यासाहेबांनी त्यांच्या तोंडाकडे बघून सांगितलं, "हाय की जरा कच्चा." मीही मान डोलावली. आमच्याकडे वडीलधाऱ्याचा शब्द खाली पडू देत नाहीत. त्या अदबीपायी ते ड्रम तिसऱ्यांदा उघडले गेले.

मिस्त्रींचं जेवण तुटलं. बोलणं बंद झालं. गल्लीला एवढ्या वर्षांत पहिल्यांदा शांतता मिळाली आणि ती कुणाला सोसेना. एकदा माझ्या पायरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "जिच्यावर हात बसला, तिचाच ब्रेक मला लागंना. ही पास नाय झाली तर पत्रे उतरवतो मी. लोकांच्या जिवाशी खेळ नाय करायचा." हा माणूस उठून गेला तर समोर बघायचं तरी कशाकडे?

तिसऱ्यांदा हवा काढायला भाभी पेडलवर बसल्या. तात्यासाहेब आणि मी लिंबाखाली उभे होतो. मिस्त्री खाली झोपून "छोडो!" म्हणाले, तरी भाभींनी पाय काढला नाही.

"बाहेर या जी," त्या म्हणाल्या. मिस्त्री सरपटत बाहेर आले. "तुमची चप्पल कुठंय?"

मिस्त्रींनी खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी होता. चप्पल पार नळापाशी पडली होती. भाभींनी त्यांचा पाय उचलून मांडीवर घेतला. तळव्यात लायनर ठोकायचा एक रिबिट रुतला होता, भोवती रक्त वाळलेलं. मिस्त्रींना त्याचा पत्ताच नव्हता.

"पेडल दगडासारखं कडक आहे," भाभी म्हणाल्या. "ब्रेक अच्छा है जी. तुमच्या पायाला कळत नाय तुम्ही किती दाबताय. नुसता टेकवता नि तुम्हाला वाटतं सगळं दाबलं. कवापासून बघतेय मी. बोलायची हिंमत नाय झाली."

तात्यासाहेब पुढे झाले. "व्हय मिस्त्री. माझा फेटा उडला हो त्या ब्रेकनं."

"मग सांगितलं का नाय?" मिस्त्री गरजले.

"तुम्हाला कसं सांगावं?" तात्यासाहेब हळू म्हणाले.

घाटीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नंतर साखरेचा आजार सांगितला, पाय त्यानंच बधिर झाला होता. पण त्या क्षणी मिस्त्रींनी पाय बांधून घेतला आणि गाडीच्या दारापाशी गुडघ्यावर बसले. आत वाकून पेडलवर उजव्या हाताचा तळवा ठेवला, डोळे मिटले आणि सगळा भार टाकून दाबलं. मग म्हणाले, "है. पक्का है."

तरी घाट उतरायचा होताच. चालवणार तात्यासाहेब, आणि शेजारी जागा एकच. भाभी बुरखा सावरून निघाल्या तशी मिस्त्रींनी त्यांना अडवलं. "आज मी बसतो. पायाला कळत नसंल, कमरेला कळतं."

मी रिक्षा बोलावली आणि भाभींना घेऊन मागोमाग गेलो. घाटाच्या वरच्या तोंडाशी आम्ही उतरलो. लाल गाडी वळणावर दिसेनाशी झाली. भाभी रिक्षाचा दांडा घट्ट धरून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ एकसारखे हलत होते. ज्या बाईनं निम्म्या जिल्ह्याचे ट्रक शेंगा खात उतरवले, तिच्या हातात आज शेंगा नव्हत्या. "येतील भाभी," एवढं म्हणालो. त्यांनी ऐकलंच नाही.

घाट उतरून गाडी परत वर आली. मिस्त्री लंगडत उतरले आणि बॉनेटवर अशी थाप मारली की तात्यासाहेब दचकले. "पास!" मग त्यांचं लक्ष भाभींकडे गेलं. त्या नकाबानं डोळे पुसत होत्या.

"रोती कायकू?" मिस्त्रींनी विचारलं. "ब्रेक मी बनवला होता ना?"

"ब्रेक तुमचा होता जी," भाभी म्हणाल्या. "पण पाय दुसऱ्याचा होता."