भगवंतरावांचे किडे

रामाकोन्यात भगवंतरावांचं कीटकनाशकांचं दुकान आहे. संत्र्यावरची काळी माशी असो की कपाशीवरची बोंडअळी, मारण्यात या माणसाचा हात कोणी धरणार नाही. घरात मुंगी दिसली तरी हे पाठीवर पंप घेतात. असल्या माणसावर किडे पोसायची वेळ यावी, हे मला, त्यांच्या शेजाऱ्याला, तर फार आवडलं.

झालं असं, की घरामागच्या विहिरीजवळ त्यांनी ठेवलेली डिझेलची टाकी खालून गळत होती. कळलं ते चहाला डिझेलचा वास यायला लागल्यावर. त्यांच्या बायकोने, प्रतिभाबाईंनी, दोनदा चहा ओतून दिला, तिसऱ्यांदा पिशवी भरली.

"अजी, चहाले चहाचा वास आला की बलवा मले," म्हणाल्या आणि पांढुर्ण्याला भावाकडे निघून गेल्या.

भगवंतरावांनी टाकी हलवली, ते ठीक. पण घाबरून त्या मातीवर फिनाईलची अख्खी कॅन उपडी केली.

पुतणी तृप्ती नागपूरला कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. तिने येऊन कपाळावर हात मारला. "काका, मातीतले बारके जीव डिझेल खाऊन राहिले होते. तुम्ही त्यांलेच मारून राहिले!"

"किडे? आन् मी पोसू?"

"हो. हवा द्या, ओल ठेवा, थोडा युरिया टाका. मंग काकू येते."

शेवटच्या वाक्याने काम केलं. जमिनीत पाइप पुरले, पंक्चरवाल्याचा जुना कॉम्प्रेसर आला आणि हा गृहस्थ रोज मातीत हवा भरू लागला. "भाऊ, किती पॉइंट भरली?" येणारा-जाणारा विचारी. मीही विचारलं आणि शिव्या खाल्ल्या. बाई पोळ्याला आल्या त्या स्वतःची पाण्याची कॅन घेऊन, आणि रिकामी कॅन घेऊन परत गेल्या. त्या संध्याकाळी भगवंतराव ओल्या मातीवर वाकून "खा बावा, लवकर खा" म्हणताना दिसले. मला वाईट वाटलं. चेष्टा बंद केली.

पुढच्या दिवाळीआधी तृप्तीने पाणी तपासून आणलं. पिण्याजोगं निघालं. भगवंतराव सकाळीच पांढुर्ण्याला जाऊन बाईंना घेऊन आले आणि स्वतः चहा ठेवला. मी दारातच बसलो होतो. बाईंनी कप नाकाशी नेला, घोट घेतला, तोंड वाकडं केलं. भगवंतरावांचा चेहरा उतरला.

"दूध नासलं हाय तुमचं!"

"आन् डिझेल?"

"डिझेल कुठं हाय?"

"नासू दे मंग," भगवंतराव म्हणाले. "तेही किडेच होत." आणि डोळे पुसत त्यांनी बाईंच्या हातातला तो नासका चहा स्वतःच पिऊन टाकला.