क्यू आणि टी असलेले शब्द

आमच्या सरकारी ऑफिसच्या सेक्शनमध्ये जेवणाच्या सुट्टीत एक खेळ चालायचा. कपाटाशेजारच्या पांढऱ्या बोर्डावर कुणीतरी लिहायचं: पाच अक्षरी इंग्रजी शब्द, त्यात अमुक अमुक दोन अक्षरं हवीत. डबा संपेपर्यंत ज्याचे शब्द जास्त, तो जिंकला. मी बहुतेक रोज जिंकायचे आणि मला त्याचा अभिमान होता, हे आधीच सांगते.

या खेळाचं वेड मला वडिलांमुळे लागलं. ते विदर्भातल्या एका खेड्यातून कारकून म्हणून दिल्लीला आले. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. त्यांच्या साहेबाकडे इंग्रजी पेपर यायचा. साहेबाने अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं वडील दुसऱ्या दिवशी घरी आणायचे आणि उरलेलं आम्हा बहीणभावांना घेऊन भरायचे. अक्षरं बोटांवर मोजायची, अडलं की डिक्शनरी. इंग्रजी ते असंच शिकले. आता वय झालंय, मयूर विहारला माझ्याकडेच असतात. मी संध्याकाळी मेट्रोने घरी आले की चप्पल काढायच्या आत विचारतात, "आज काय होतं?"

त्या आठवड्यात आमची सीनियॉरिटी लिस्ट निघाली होती. दिल्लीत माझ्या आडनावावरून कुणाला काही कळत नाही, त्यांना सगळे मराठी सारखेच. पण लिस्टमध्ये नावापुढे आरक्षणाच्या कॅटेगरीचा रकाना असतो. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी लिस्टमध्ये माझ्या खाली होता. त्याने तो कागद दोन दिवस टेबलावर उघडा ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी बोर्डावर त्यानेच लिहिलं: पाच अक्षरं, क्यू आणि टी.

मी भराभर लिहिले: क्वाएट, क्वाइट, क्वोट, क्विल्ट, क्वेस्ट, स्क्वॉट. सहा झाले. बाकी कुणाचे तीनच्या वर गेले नव्हते. त्याने माझा कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाला, "मॅडम, एक रह गया. वही, जो आपको सबसे पहले याद आना चाहिए था."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग एकाला कळलं, मग सगळ्यांना. कोटा. समोरची बाई पदर तोंडाला लावून हसली. सेक्शन ऑफिसर मान खाली घालून हसले. आणि मीही हसले. कुणी सांगितलं नव्हतं, तरी हसले. डबा बंद केला, हात धुतले, फाइल उघडली.

संध्याकाळी वडिलांनी विचारलं तेव्हा मी सवयीने अक्षरं सांगून टाकली. त्यांनी पेपरच्या कडेला लिहायला सुरुवात केली. चौथा शब्द कोटा होता. त्यांनी अगदी सहज लिहिला, जसा क्विल्ट लिहिला तसाच.

"तुझे किती?"

"सहा. एक राहिला."

"कोणता?"

मी त्यांच्या यादीकडे पाहिलं. त्यांनी आपली यादी पुन्हा पाहिली, चष्मा काढला.

"कोण बोललं?"

मी सांगितलं.

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. हसले."

त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "मीही हसायचो."

त्या दोन शब्दांनी माझं डोकं फिरलं. या माणसाने नोकरीभर साहेबांचे मसुदे सुधारले आणि वर त्यांचे विनोद हसून गिळले. मला त्या सहकाऱ्याचा राग आला, वडिलांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या त्या हसण्याचा आला. मी स्वयंपाकघरात गेले आणि पोळ्या इतक्या जोरात लाटल्या की माझी मुलगी येऊन बघून गेली.

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला बसल्यावर मी मार्कर त्याच्यापुढे ठेवला.

"कल का सातवाँ शब्द बोर्ड पर लिखिए."

"कौन सा?"

"जो मुझे सबसे पहले याद आना चाहिए था."

"अरे मॅडम, मज़ाक था."

"तो समझाइए. मुझे क्यों याद आना चाहिए था, बाकी किसी को क्यों नहीं?"

तो इकडेतिकडे बघायला लागला. सेक्शन ऑफिसर म्हणाले, "छोड़ो यार, हम सब एक परिवार हैं."

"परिवार में भी मज़ाक का मतलब पूछ सकते हैं, सर," मी म्हणाले. मग सहकाऱ्याकडे वळून विचारलं, "आपके ड्राफ्ट की अंग्रेज़ी हर हफ्ते कौन ठीक करता है?"

त्याने मार्कर बाजूला सरकवला. शेवटी तो म्हणाला, "अगर आपको बुरा लगा हो, तो सॉरी."

"‘अगर’ काट दीजिए."

त्याने ‘अगर’ काही खोडलं नाही. उठला आणि चहाला निघून गेला.

घरी येऊन सांगितलं. मला वाटलं, वडिलांना बरं वाटेल. त्यांनी विचारलं, "तुझा गोपनीय अहवाल कोण लिहितो? तोच सेक्शन ऑफिसर ना?" त्यांचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, लिहू दे काय लिहायचं ते. ते रात्री जेवले नाहीत.

खेळ बंद पडला. बोर्डावर आता कोण कधी रजेवर आहे ते लिहितात. मॅडमनी चांगलं वातावरण बिघडवलं, असं दोघांनी मला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हटलं. मी माझ्या टेबलावरच डबा खायला लागले.

महिनाभराने ती पदर लावून हसणारी बाई स्वतःची खुर्ची ओढून माझ्याजवळ आली. डबा उघडला, पण खाल्लं नाही. मग हळूच म्हणाली, "उस दिन मैं भी हँसी थी."

"हाँ," मी म्हणाले, "देखा था."

ती बसून राहिली. मी तिला जा म्हटलं नाही आणि भाजीही पुढे केली नाही.